गोव्यातलं जुनं घर घेण्याआधी पायाची तपासणी: कोणत्या सेवेचे पैसे द्यावेत

गोव्यात जुनं घर बघायला गेलं की पायाबद्दल मत द्यायला बरेच जण तयार असतात. ओलीवर इंजेक्शन मारणाऱ्या कंपन्या फुकट पाहणी करतात. दलालाच्या ओळखीचा इंजिनिअर तासाभरात घर फिरून एका पानाचा दाखला देतो. प्रयोगशाळा ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ नावाचं जाडजूड बाड हातात ठेवते. थोडे संवर्धन-वास्तुविशारद आणि मातीकामाचे इंजिनिअर मात्र पायाशी खड्डा खणून बघतात, घराची पातळी मोजतात आणि एक पावसाळाभर भेगांची नोंद ठेवतात. चिऱ्यांच्या (म्हणजे जांभ्या दगडाच्या) किंवा मातीच्या भिंतींच्या घरासाठी पैसे द्यावेत ते या शेवटच्यांनाच. गोव्यात पाया बिघडतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे. पाणी कुठून येतं आणि कुठे मुरतं हे न शोधणारी तपासणी कितीही पानांची असली तरी अपुरीच.

फुकट पाहणीबद्दल थोडक्यात सांगता येईल. जो विकायला येतो त्याला रोग एकच दिसतो, आणि तो त्याच्या औषधाने बरा होणारा असतो. एका पानाचा दाखला बँकेच्या फायलीसाठी चालतो. घर घ्यावं की नाही, हे त्यावरून ठरवू नये.

ऑडिटचा प्रश्न जरा वेगळा आहे, कारण त्यातल्या चाचण्या खऱ्या असतात. रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाची कठीणता मोजतात, अल्ट्रासोनिक यंत्राने ध्वनिलहरींचा वेग बघतात, हाफ-सेल चाचणीने सळी गंजायची शक्यता ताडतात, रसायन मारून कार्बोनेशनची, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटमध्ये होणाऱ्या बदलाची, खोली काढतात. हे सगळं सळई-काँक्रीटसाठी आहे. 1970 नंतरचं स्लॅबचं घर असेल, विशेषतः किनाऱ्याजवळचं, तर हे ऑडिट जरूर करून घ्यावं. खारी हवा आणि न धुतलेली वाळू यांनी सळी कशी फुगवली आहे ते त्यातून कळतं. पण चिरे, चुना आणि माती यांच्या घरात सळीच नाही, मग हाफ-सेल कशाची मोजणार? जांभ्यावर रिबाउंड हॅमर मारून आलेला आकडा काँक्रीटच्या तक्त्यात बसवला, तर तो आकडा निरर्थक असतो. एकाच चिऱ्याचा एक कोपरा टणक आणि दुसरा भुसभुशीत असू शकतो. चिऱ्याची ताकद खरंच हवी असेल तर सुटे झालेले चिरे काढून प्रयोगशाळेत दाबून बघतात. आयएस 3620 या भारतीय मानकाप्रमाणे बांधकामाच्या चिऱ्याची दाबशक्ती किमान 3.5 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर असावी लागते. आणि एवढं करूनही पायाबद्दल एक अक्षर कळलेलं नसतं. अशा घरासाठी कोणी हे पॅकेज देऊ केलं तर एकच प्रश्न विचारा: खड्डा कुठे खणणार?

हा खड्डा म्हणजे तपासणीचा गाभा. साधारण एक मीटर लांब, एक मीटर रुंद, भिंतीला बाहेरून लागून. कोपऱ्यावर नको, कोपऱ्यापासून दीड-दोन मीटर सोडून. एक खड्डा जिथे भेग आहे तिथे आणि दुसरा जिथे भिंत ठणठणीत दिसते तिथे, म्हणजे तुलना करता येते. मजूर हाताने खणतात. जेसीबी भिंतीजवळ आणू देऊ नये. पायाचा तळ दिसला की खणणं थांबवायचं, तळाच्या खाली जायचं नाही. त्याखालची माती हाताच्या ऑगरने (फिरवून आत घालायच्या गिरमिटाने) दोन-तीन मीटरपर्यंत काढून बघता येते. पावसाळ्यात हे काम करूच नये. बघून झाल्यावर माती 150 मिलिमीटरच्या थरांनी धुमसून परत भरायची. कंत्राटात हे लिहून घ्या, कारण सैल भरलेला खड्डा पुढच्या पावसात पाणी भरून घेणारी टाकी होतो आणि तपासणीच पायाच्या मुळावर उठते.

खड्ड्यात काय बघायचं? पायाची रुंदी आणि खोली. तो चिऱ्यांचा आहे की नुसत्या डबराचा. दर्जांमध्ये, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांत, चुना आहे की माती, आणि ती माती अजून जागेवर आहे का. 12 मिलिमीटरची सळी दर्जेत ढकलून बघा: चांगल्या पायात ती बोटभर जाऊन अडते, धुऊन गेलेल्या पायात हातभर सरकत जाते. अशा पायाचे दगड एकमेकांवर नुसते टेकलेले असतात, घर उभं असतं ते भाराच्या आणि सवयीच्या जोरावर. आयएस 1904 पायाची किमान खोली 50 सेंटिमीटर सांगतं. जुन्या घरांत कधी त्याहून कमी सापडते. तेवढ्यावरून घाबरू नये. पाया कातळासारख्या टणक जांभ्यावर टेकलेला असेल तर 30-40 सेंटिमीटरही पुरतात. पाया खोल आहे पण खाली भराव किंवा मऊ चिखलमाती आहे, तर ती खोली कामाची नाही.

जांभ्याबद्दल एक गोष्ट खरेदीदारांना कोणी सांगत नाही. वरचा टणक थर काही मीटरच असतो. त्याच्या खाली बहुतेक ठिकाणी पांढरट-गुलाबी, साबणासारखी गुळगुळीत माती असते; भूशास्त्रात तिला लिथोमार्ज म्हणतात. कोरडी असताना ती कुदळीला दाद देत नाही, पण पाण्याने भिजली की ताकद सोडते आणि वाहत्या पाण्याबरोबर निघून जाते. पर्वरीच्या सड्याच्या (खडकाळ पठाराच्या) कडेला किंवा फोंड्याच्या उतारावर खालच्या शेजाऱ्याने डोंगर कापला की ही माती उघडी पडते, आणि वरच्या घराचा पाया शाबूत असूनही त्याच्या खालचा आधार धुपत जातो. त्यामुळे तपासणी कुंपणाशी संपत नाही. खालच्या बाजूला ताजा कटाव आहे का, त्यातून पावसाळ्यात लालऐवजी पांढुरकं गढूळ पाणी येतं का, याची नोंद अहवालात हवी.

खाजनाच्या, म्हणजे बांध घालून खाडीपासून मिळवलेल्या सखल जमिनीच्या, कडेची घरं वेगळ्या जातीची. मांडवी-जुवारीच्या काठचा सखल भाग, दिवाडी-चोडणची बेटं, ताळगावच्या आसपासची भरावाची जमीन, इथे खाली मऊ खारी चिकणमाती असते आणि भार पडला की ती वर्षानुवर्षं दबत राहते. घराचा भार शंभर वर्षांत जिरलेला असतो. गडबड होते ती नव्या भरावाने. अंगण मीटरभर उंच केलं की चौरस मीटरला साधारण 1.8 टन भार वाढतो आणि तो मोठ्या क्षेत्रावर पसरल्यामुळे खोलवर पोचतो. माती दबते आणि घराची भरावाकडची बाजू सोबत घेऊन जाते. विक्रेत्याने नुकताच भराव घालून बाग केली असेल, तर ते आकर्षण नव्हे, धोक्याची खूण आहे. बोअरहोलचा खर्च करण्यासारखी जागा हीच: घराच्या दोन टोकांना दोन, दर दीड मीटरला प्रमाणित भेदन चाचणी (ठोके मारून मातीचा टणकपणा मोजणारी, एसपीटी), आणि चिकणमातीचा न विस्कटलेला नमुना काढून आयएस 2720 प्रमाणे दबण्याची चाचणी. मोरडावरच्या (उंचवट्याच्या जमिनीवरच्या) किंवा सड्यावरच्या घराला बोअरहोल सहसा लागत नाही, तिथे खड्डा आणि ऑगर पुरे. किनारपट्टीच्या वाळूवर घर असेल तर वाळूपेक्षा तिच्यातून वाहणारं पाणी बघा: फुटका नळ किंवा गळकी सेप्टिक टाकी वाळू धुऊन नेते. नळगळती पकडायची साधी रीत म्हणजे घरातले सगळे नळ बंद करून मीटर अर्धा तास बघत बसणं. काटा हलला तर पाणी जमिनीत जातंय.

आता पावसाकडे येऊ. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. 100 चौरस मीटर छपरावरून म्हणजे तीन लाख लिटर पाणी चार महिन्यांत खाली उतरतं. पन्हळ नसेल तर हे सगळं पागोळ्यांच्या एका रेषेत, भिंतीपासून हात-दीड हातावर पडतं. जुन्या बांधणाऱ्यांना हे माहीत होतं. म्हणून उंच जोतं, लांब वळचण आणि भोवती उताराची फरसबंदी. पुढच्या पिढ्यांत वासे कुजले म्हणून वळचण कापली जाते, फरसबंदी उखडून फुलझाडं लावली जातात, आणि रस्त्यावर डांबराचा थर दर खेपेला आधीच्या थरावरच टाकल्याने जोतं दिसेनासं होतं. चांगला तपासनीस रस्त्याची, अंगणाची आणि जोत्याची उंची एकाच आराखड्यावर दाखवतो. रस्ता जोत्याच्या वर गेला असेल तर तो प्रश्न तुम्ही एकट्याने सोडवू शकणार नाही, आणि घराच्या किमतीत त्याचा विचार व्हायला हवा.

राजांगण, म्हणजे मधला उघडा चौक, असलेल्या घरात आणखी एक गोष्ट आहे, आणि अहवालात ती नसेल तर अहवाल परत पाठवावा. चारही पाख्यांचं पाणी राजांगणात पडतं आणि तिथून एका बांधीव गटारातून, खोल्यांच्या आणि भिंतीच्या खालून, बाहेर जातं. हे गटार चिऱ्यांचंच असतं, डोळ्यांआड असतं, आणि गाळाने किंवा मुळांनी तुंबतं. मग पाणी बाहेर न पडता घराच्या पोटात मुरतं. तपासायला सोपं आहे: 200 लिटरचं पिंप भरून पाण्यात खाण्याचा रंग कालवायचा, एकदम राजांगणात ओतायचं, आणि बाहेरच्या तोंडाशी माणूस उभा करायचा. रंगीत पाणी काही मिनिटांत, जवळजवळ सगळं बाहेर आलं तर गटार ठीक. उशिरा, थेंबथेंब किंवा अर्धंच आलं तर वाटेत कुठेतरी ते तुंबलेलं किंवा फुटलेलं आहे. नळ तपासायचा छोटा कॅमेरा आत घालून जागा शोधता येते. पणजीत फोंतेन्हास-मळा भागात आल्तिनो डोंगराच्या पायथ्याशी घरं असल्याने डोंगराचं झिरपणीचं पाणीही येतं. तिथली ओल फेब्रुवारीत बघून ‘घर कोरडं आहे’ असा निष्कर्ष काढणं धोक्याचं.

भेगांचं वाचन हे अनुभवाचं काम, पण अहवाल नीट आहे की नाही हे तुम्हालाही तपासता येतं. वर रुंद आणि खाली निमुळती होत गेलेली तिरकी भेग म्हणजे बहुधा कोपरा खाली गेलाय. खाली रुंद असेल तर भिंतीचा मधला भाग बसलाय. जुनं घर आणि मागून जोडलेलं न्हाणीघर यांच्या सांध्यातली सरळ उभी भेग म्हणजे जोडकामाचा उथळ पाया वेगळा बसतोय. यात मुख्य घराचा दोष नसतो. आणि भिंतीच्या माथ्याजवळ, वाशांच्या खालून गेलेली आडवी भेग पायाची नसतेच. तुळई कुजली किंवा कोणी मधला ताण (समोरासमोरच्या भिंतींना बांधून ठेवणारा आडवा दांडा) काढून टाकला की छप्पर भिंतींना बाहेर ढकलतं. या भेगेवर पायाच्या दुरुस्तीचा अंदाज देणारा माणूस लगेच बदलावा. भेगेतून लाल भुकटी पडत असेल, मातीच्या बारीक नळ्या दिसत असतील, तर वाळवीने भिंत आतून पोकळ केली आहे का ते ठोकून बघावं लागतं. काही घरांत खोलीतच वारूळ असतं आणि त्याची सांतेर देवी म्हणून पूजा होते. ते हलवण्याचा विचारही करू नये, पण भोवतीची जमीन पोकळ असू शकते हे इंजिनिअरला आधी सांगावं.

भेगेची रुंदी अहवालात मिलिमीटरमध्ये हवी. ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटची वर्गवारी इथेही वापरतात: 1 मिलिमीटरपर्यंत किरकोळ, 5 पर्यंत डागडुजीची, 5 ते 15 मध्यम, 15 ते 25 गंभीर, त्यापुढे भिंतीचा काही भाग पुन्हा बांधण्याची वेळ. पण रुंदीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे भेग अजून वाढतेय का. त्यासाठी भेगेच्या दोन्ही बाजूंना मिळून तीन छोटे पितळी स्क्रू त्रिकोणात बसवतात आणि व्हर्नियर कॅलिपरने 0.1 मिलिमीटरपर्यंत अंतर मोजतात. प्लास्टर ऑफ पॅरिसचा ठिपका मारून ठेवणारे आहेत. दमट हवेत तो मऊ पडतो, त्याच्यावर विसंबू नका. नोंद एरवी महिन्यातून एकदा, जून ते सप्टेंबर पंधरा दिवसांनी.

पातळी पाणी भरलेल्या नळीच्या लेव्हलने मोजली तरी चालते, गवंड्याकडे ती असतेच. जोत्याच्या मूळ थरावर दर दोन मीटरला एक वाचन. सहा मीटरमध्ये 20 मिलिमीटरचा फरक म्हणजे 1/300, इथून भेगा सुरू होतात. 40 मिलिमीटर म्हणजे 1/150, इथे रचनेला इजा होते. हे आकडे मूळचे विटा-काँक्रीटच्या इमारतींचे. चुन्या-मातीचं बांधकाम थोडं जास्त सहन करतं, पण आकडा अहवालात असायलाच हवा. भिंत ओळंब्यात आहे का तेही बघा: 450 मिलिमीटर जाड भिंत 75 मिलिमीटरपेक्षा जास्त झुकली, म्हणजे जाडीच्या एक षष्ठांशापुढे गेली, तर तिथे आधार दिल्याशिवाय कोणतंही खणकाम नको.

म्हणून व्यवहाराचं वेळापत्रकच पावसाभोवती आखावं. जानेवारी-फेब्रुवारीत इसार आणि खरेदीचा करार, त्यातच खड्डे खणण्याची, स्क्रू बसवण्याची आणि पावसाळ्यात घरात जाऊन नोंदी घेण्याची लेखी परवानगी, विक्रीखत ऑक्टोबरनंतर. तपासणीच्या शुल्काचा शेवटचा हप्ता पावसाळ्यानंतरच्या नोंदींवर ठेवा. विक्रेता एक पावसाळा थांबायला अजिबात तयार नसेल, तर पाया बिघडलेलाच आहे असं धरून किंमत लावा. ‘फक्त वरवरच्या खुणा आहेत, रंग दिला की जातील’ हे वाक्य ऐकलंत तर ताजा रंग आणि ताजा सिमेंट गिलावा नेमका कुठे आहे ते आधी बघा.

दुरुस्तीच्या सेवांमध्ये सगळ्यात स्वस्त काम सगळ्यात आधी करावं आणि एक पावसाळा परिणाम बघावा: पन्हळी, 900 मिलिमीटर रुंदीची बाहेरच्या उताराची फरसबंदी, राजांगणाच्या गटाराची दुरुस्ती, शोषखड्डा घरापासून दूर. पुष्कळ घरांच्या भेगा एवढ्यावर थांबतात. धुऊन गेलेल्या दर्जा चुना-सुरखीने (विटेच्या भुकटीच्या चुन्याने) खालून वर, यंत्राशिवाय, मिश्रणाच्या स्वतःच्या वजनाने भरून घेता येतात. यंत्राच्या दाबाने सिमेंटचं पातळ ग्राउट मातीच्या भिंतीत ढकलू देऊ नका. त्यातलं पाणीच भिंत मऊ करतं.

ओलीसाठीची सिलेन-सिलॉक्सेन क्रीमची इंजेक्शनं चिऱ्याच्या भिंतीत काम करू शकतात: जमिनीपासून 150 मिलिमीटर वर, 12 मिलिमीटरची भोकं, 100 ते 120 मिलिमीटर अंतरावर, आडव्या दर्जेत. पण 600 मिलिमीटरच्या भिंतीत पोकळ्या असतात, तिथे क्रीम हवं तिथे न जाता भलतीकडेच जातं, आणि मातीच्या भिंतीत तर हा उपाय नकोच. त्यावर सिमेंटचा गिलावा देणारी कंपनी टाळा. ओल आत कोंडली की दोन-तीन फूट वर चढून तिथे मीठ फुटतं. चुन्याचाच गिलावा हवा.

पायाखाली नवं काँक्रीट घालणं, म्हणजे अंडरपिनिंग, हे घर खरंच खाली जातंय असं नोंदींनी सिद्ध झाल्यावरच. एक ते सव्वा मीटरचे तुकडे, एक-तीन-पाच-दोन-चार अशा क्रमाने, एका वेळी भिंतीच्या लांबीच्या एक पंचमांशापेक्षा जास्त उघडायचं नाही. काँक्रीट बसल्यावर वरची 50-75 मिलिमीटरची फट कोरड्या 1:3 सिमेंट-वाळूने ठोकून भरायची. मातीच्या दर्जांचा डबराचा पाया आधी बांधून घेतल्याशिवाय असा उघडला तर दगड खड्ड्यातच येतात. कंत्राटदार ‘एका आठवड्यात एक बाजू’ म्हणत असेल, तर त्याला काम देऊ नका. पॉलियुरेथेन रेझिनचं इंजेक्शन पोकळी भरायला उपयोगी आहे, पण खाजनाच्या खोल चिकणमातीवर ते इलाज नाही. तिथे सूक्ष्म-पाइल्सच (खालच्या टणक थरापर्यंत जाणारे बारीक खांब) लागतात आणि त्याचा खर्च घराच्या किमतीशी ताडून बघावा लागतो.

कौलं काढून स्लॅब टाकायचा विचार असेल तर तो तपासणाऱ्याला आधीच सांगा. मंगळुरी कौलांचं छप्पर लाकडासकट चौरस मीटरला साधारण 65 ते 85 किलो, तर 125 मिलिमीटरचा स्लॅब 300 किलोच्या वर. दोनशे किलोहून जास्त वाढीव भार त्या जुन्या पायाने पेलायचा आहे, आणि पाया आजच्या भारावर ठीक आहे असा अहवाल त्या स्लॅबला लागू होत नाही. सामायिक भिंत असेल तर तिच्याखाली हात घालण्याआधी शेजाऱ्याची लेखी संमती घ्या. किनारी नियमन क्षेत्रात किंवा संवर्धन क्षेत्रात घर असेल तर दुरुस्तीलाही कोणती परवानगी लागते ते पंचायत किंवा पालिकेत करारापूर्वीच विचारून घ्या.